लोद ते रोहा, पेणमार्गे

रोहा, १० सप्टेंबर १९९६

प्रिय सॉलोमन,

तुझं पत्र परवा पोचलं. लिहिलंयस की आता इस्रायलहून मुंबईला थेट विमान आहे, जग जवळ आलंय, आईचं काही झालं तर नुसता एक फोन कर, चौदाव्या तासाला दारात उभा असेन. वाचून मला हसू आलं. सव्वीस वर्षं पेणच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईला तू वेळापत्रक शिकवतोस?

तुझे चौदा तास मी दुपारी खिडकीतच बसून तपासले. लोदच्या तुझ्या घरापासून विमानतळ पंधरा मिनिटं, मान्य. विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला आहेस, तेव्हा तेवढं तुला माहीत असणारच. पण विमानाआधी तीन तास जाऊन उभं राहावं लागतं, ते तू धरलेलंच नाहीस. आकाशात सात तास. मुंबईला उतरल्यावर पासपोर्टवाले आणि सामान मिळून दीड तास. तिथून पनवेल, खारपाड्याचा पूल, पेण, अडीच तास. आणि पेणहून रोहा चाळीस किलोमीटर, तू लिहितोस पाऊण तास! पाऊण तासात आमची गाडी धड नागोठण्याला पोचत नाही. वडखळ नाक्यावर ड्रायव्हर चहा पितो, मग नागोठणं, मग भिसे खिंड. सव्वा तास धर. झाले साडेपंधरा. मधे शब्बाथचा विसावा आला तर एक अख्खा दिवस वर, कारण शुक्रवार दुपारपासून शनिवार सूर्यास्तापर्यंत तुमचं विमान जमिनीवरच.

रागावू नकोस. सवय आहे. रोज या रस्त्याने जाऊन-येऊन माझे अडीच तास जातात, त्यामुळे कुणी रस्ता कमी करून सांगितला की मला खपत नाही.

आई ठीक आहे. त्र्याऐंशीची झाली. दिसतं कमी, ऐकू मात्र नको तेवढं येतं. रोज विचारते, सॉलोमनचं पत्र आलं का, सॉलोमन कधी येणार.

बाबा गेले तेव्हा तुला तार पोचायला सहा दिवस लागले. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, तेव्हा दोन देशांत धड रस्ताच नव्हता. पण त्र्याण्णवला तू आठ दिवस आलास आणि निघताना अंगणात म्हणालास, "आईला तू अडकवून ठेवलंयस." ते मी विसरलेले नाही. आईला विचार, तिला कुणी अडकवलंय का. विचारायला यावं लागेल, एवढंच.

आपल्या नव्या वर्षाच्या सणाच्या शुभेच्छा. मुलांना पापे.

तुझी,
मिरियम


रोहा, ५ जानेवारी १९९७

प्रिय सॉलोमन,

आईने अन्न सोडलंय. पेज दोन चमचे घेते, तीही माझ्याकडे बघून. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मला राग आला. वय आहे हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो?

एलिजाकाका काल पेणहून येऊन गेला. अठ्ठ्याहत्तरचा आहे, पण अजून रायगडातल्या आपल्या सगळ्या माणसांची नावं आणि फोन नंबर त्याच्या डोक्यात. अंगणात बसून त्याने बोटांवर मोजलं. रोहा-अष्टमीत पुरुष उरलेत चार. पेणला तीन, त्यातला एक तो. बाकी अलिबाग, पनवेल आणि अगदीच अडलं तर ठाणं. आपल्यातले दहा पुरुष नसले तर गेलेल्या माणसाची प्रार्थना, कद्दिश, म्हणता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. बाबांच्या वेळी तीस होते, बसायला जागा नव्हती. आता माणूस गेलं की आधी रडायचं नाही, आधी दहा मोजायचे.

काका म्हणाला, "गेल्यावर ठेवायचं नाय मिरियम. त्याच दिवशी उरकायचं. मानसं जमवायचं माझ्यावर सोड."

मी इलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोललेय. कशासाठी ते विचारू नकोस.

ये असं मी लिहीत नाही. तुझी नोकरी आहे, धाकटीचं लग्न ठरतंय. आई तुझी वाट पाहते, एवढंच कळवते. दारावर कुणी आलं की मान वळवते.

मिरियम


रोहा, ४ फेब्रुवारी १९९७

सॉलोमन,

जमिनीवर बसून लिहितेय. सात दिवसांच्या सुतकातला हा तिसरा दिवस. शेजारणी येतात, भात ठेवून जातात.

शुक्रवारी पहाटे पाच वाजता आई गेली. सात वाजता दत्तात्रेयने एसटीडीचं दुकान उघडलं तेव्हा मी पायरीवरच बसले होते. तुझ्याकडे रात्रीचे साडेतीन. तू फोन उचललास, मी सांगितलं आणि लाइन तुटली.

काकाने दुपारी दोनपर्यंत बारा माणसं आणली. बारा! एक तर ठाण्याहून पहिली गाडी पकडून आला. सगळे म्हणाले, शब्बाथ लागायच्या आत उरकू, ऊन आहे तोवर. मी म्हटलं, थांबायचं. सॉलोमन येतोय. शनिवारी सूर्य मावळला की तिकडून विमान सुटेल, रविवारी सकाळी मुंबईत, दुपारी रोह्यात. पोटचा मुलगा येत असेल तर थांबता येतं, एवढी सवड आपल्यातही आहे. शेवटी काका 'बरं' म्हणाला. सूर्यास्ताच्या आत घरी पोचायला हवं म्हणून बाहेरगावचे सगळे तीन वाजता गाड्यांना लागले.

दोन दिवस आई माजघरात होती. शनिवारी आपण कामाला हात लावायचा नाही म्हणून शेजारची मालू सगळं करत होती. मासळीबाजारातून बर्फ आणायची, पाणी काढायची, पुन्हा बर्फ लावायची. बर्फाला वास होता. मी उदबत्त्या लावू शकत नव्हते, शब्बाथ होता. मी नुसती बसून राहिले.

रविवारी सकाळी नऊपासून रोह्याच्या स्टँडवर उभी होते. खिडकीच्या बाहेर. मुंबईची प्रत्येक गाडी पाहिली, मागच्या सीटपर्यंत चढून पाहिली. कंडक्टर मला ओळखतात, चढू देत होते. एक वाजता, दोन वाजता, सव्वातीन वाजता.

ठाण्याला त्या दिवशी लग्न होतं, त्यामुळे शुक्रवारच्या बारांतले तिघे तिकडे गेले होते. अंगणात नऊ पुरुष बसले होते. नऊ. मी मोजून ठेवले होते, तुझ्यासकट दहा.

साडेचार वाजले तेव्हा शेजारचा मोरू पुढे आला. डोक्यावर रुमाल बांधून आला होता. काकाला म्हणाला, "मी ऱ्हातो ना उभा दहावा. म्हातारीच्या हातचं खाऊनच वाढलो मी. मी नाय चालनार?"

काकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाय चालनार रे बाबा," म्हणाला आणि तिथेच रडायला लागला. इतका म्हातारा माणूस रडताना मी पाहिला नव्हता.

आई कद्दिशशिवाय गेली. तू आला नाहीस.

यावर तू काय लिहिणार आहेस ते लिही.

मिरियम


रोहा, २० मार्च १९९७

सॉलोमन,

तुझं उत्तर आलं. दोनदा वाचलं.

लिहितोस की तुला माहीतच नव्हतं. आपल्यात मयत ठेवत नाहीत, शुक्रवार होता, शब्बाथच्या आत सगळं उरकलं असणार असं तू धरून चाललास आणि त्या संध्याकाळी तिकडे जमिनीवर बसलास. सात दिवस घराबाहेर पडला नाहीस. शेजारची माणसं जमवून रोज कद्दिश म्हटलास. तुझ्या पत्रावर डाग आहेत, ते पाण्याचे नसावेत.

म्हणजे तू आईसाठी कापड फाडून खाली बसलास तेव्हा आई इथे माजघरात होती आणि मालू बर्फ फोडत होती.

तू विचारतोस, थांबणार होतात तर फोनवर सांगितलं का नाही. लाइन तुटली, लिहिलं होतं. आमच्याकडे लाइनी तुटतात. तू काहीतरी विचारलं होतंस म्हणतोस, मला ऐकू आलं नाही. पुन्हा का लावला नाही, याला उत्तर असं की बारा माणसं यायची होती, घरात मी एकटी होते. तू तिकडून चार वेळा लावून पाहिलास, दत्तात्रेयचा नंबर लागला नाही, हेही मला खरं वाटतं.

एलिजाकाका पत्रांना उत्तर देत नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारा झालाय, हात थरथरतो. अलिबागचे लोकही पत्रं लिहिणारे नव्हेत.

झालं ते झालं.

मिरियम


रोहा, ११ जानेवारी १९९८

प्रिय सॉलोमन,

फेब्रुवारीत आईचं वर्ष भरतं, त्यासाठी येतोस, तिकीट काढलंस, असं तुझं पत्र आलं. तू निघण्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं म्हणून आज रजा टाकून लिहायला बसलेय. सकाळपासून तीन कागद फाडले.

लाइन तुटली नव्हती.

मी म्हटलं, आई गेली. तू विचारलंस, कधी. मी म्हटलं, पहाटे. मग तू रडलास. ते मी नीट ऐकलं, फार वेळ ऐकलं. दत्तात्रेय तोंड फिरवून बाहेर जाऊन उभा राहिला. मग तू म्हणालास, "आजच करणार ना? शब्बाथच्या आत?" ते अगदी स्वच्छ ऐकू आलं, सॉलोमन. तू पेणहून बोलत असावास इतकं स्वच्छ.

मी फोन ठेवला.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते लिहिते, जसं होतं तसं. मला तुझ्या तोंडून एक शब्द हवा होता, 'थांबा'. थांबा, मी निघतो. इतकी वर्षं आई माझ्या हातून जेवली, माझ्या हातून न्हाली, आणि तू चौदा तासांच्या गप्पा पत्रातून मारल्यास. आता वेळ आली तर विचारतोस काय, आजच करणार ना! उरकणार ना, असंच मला ऐकू आलं. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काळोख झाला. म्हटलं, याला सांगायचं नाही. याला सांगून बोलावायचं नाही. याचं रक्त असेल तर न सांगता येईल. मी थांबेन आणि तो येईल, म्हणजे मला कळेल.

तू कसा येणार होतास? तुला वाटलं, आईला माती दिली. तुझ्या जागी मी असते तर मीही खालीच बसले असते. हे मला शनिवारीच कळलं होतं. शनिवारी दुपारी, तिच्या उशाशी बसले असताना, अचानक कळलं की तो येणार नाही, त्याला ठाऊकच नाही. उठून फोन करता आला असता. शब्बाथला फोन करायचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सूर्य मावळल्यावर तर करता आला असता. तेव्हा दत्तात्रेयचं दुकान उघडं होतं, माजघराच्या खिडकीतून त्याचा पिवळा बोर्ड दिसतो. मी गेले नाही. तोवर सगळ्यांना सांगून बसले होते.

आता त्याहून वाईट लिहायचंय. काकाने शुक्रवारी मला बाजूला घेतलं होतं. तो फसणारा माणूस नव्हता. म्हणाला, "मिरियम, खरं बोल. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय का थांबा म्हनून?"

मी म्हटलं, "व्हय काका. तोच म्हनाला थांबा."

म्हणून ते थांबले. माझ्या शब्दावर नाही, तुझ्या.

तुला कुणी उत्तर का देत नाही, ते आता कळलं असेल. काकाचा हात थरथरत नव्हता. सगळ्यांना ठाऊक आहे की सॉलोमनने आईला दोन दिवस बर्फावर ठेवायला लावलं आणि आला नाही. पेणला आपल्यात कुणी यायला उशीर केला की आता म्हणतात, "ह्याचा सॉलोमन झाला." पोरंसोरं म्हणतात. मी खिडकीत बसून ते कानाने ऐकलंय आणि पुढच्या माणसाला अलिबागची गाडी कुठे लागते ते सांगितलंय.

माझ्या खिडकीपासून काकाचं घर चालत पाच मिनिटं. गणपतीच्या कारखान्यांची गल्ली ओलांडली की डावीकडे. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. रोज ठरवायचे, आज संध्याकाळच्या गाडीआधी जाऊन येऊ. रोज रोह्याची गाडी आधी लागायची. मी आयुष्यभर लोकांना किती वेळ लागतो ते सांगत आले, आणि मला त्या पाच मिनिटांना अकरा महिने लागले. डिसेंबर संपता संपता एका दुपारी अलिबागच्या गाडीतून आपली चार माणसं घाईघाईने उतरली. टोप्या खिशातून काढून डोक्यावर घालत होती. मला विचारावं लागलं नाही. काका सकाळी गेला होता, तीनच्या आत त्याला नेलं. त्याने मुलांना आधीच बजावून ठेवलं होतं म्हणे, "माझ्यासाठी कुनाला थांबू देऊ नका. त्या सॉलोमनच्या आईसारखं माझं नको."

सातव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. पेणचे सगळे होते, अलिबागचेही होते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. फोन मी ठेवला, थांबा हा शब्द माझा, सॉलोमनचा यात काडीचा दोष नाही.

काकाचा थोरला मुलगा माझ्याजवळ आला, मला बसवलं, पाणी दिलं. फार मायेने म्हणाला, "मिरियमबाय, भाऊ येनार हाय ना पुढल्या म्हैन्यात? आमी त्याला काय बोलनार नाय. तुमी त्याच्यासाठी असं काय काय सोतावर घेऊ नका." बायकांनी माना हलवल्या. एक म्हणाली, बहीण असावी तर अशी.

मी शपथ घेतली. तरी नाही. त्यांना वाटतंय की मी तुला वाचवतेय. मी कधी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे, गाडी पाच मिनिटं लेट असली तरी सांगते. ते एक खोटं बोलले, ते त्यांनी खरं धरलं, आणि आता खरं बोलतेय तर ते मानत नाहीत. मी काय करू सांग. मला काही सुचत नाही. रात्री झोप लागत नाही असं लिहिणार होते, पण झोप लागते, तेच जास्त वाईट वाटतं.

तू आलास तर पेणचे तुझ्याशी गोड बोलतील. माफ केल्यासारखं बोलतील. ते तुला सोसवणार नाही. कबरीवर कद्दिश म्हणावा म्हटलंस, तर दहा होत नाहीत. काका गेला, अष्टमीचे दोघे दिवाळीनंतर मुलांकडे तुमच्या देशात निघून गेले. तू धरून मोजले तरी सात. ठाण्याचे येतील का विचारलं, बघू म्हणाले. यायचं की नाही ते तू ठरव. मी ये म्हणत नाही, नको म्हणत नाही. माझा हक्क संपला.

आणखी एक राहिलं. तुझ्या शेवटच्या पत्रात होतं, "जाताना आईने माझं नाव घेतलं का?" घेतलं. गुरुवारी संध्याकाळी ती चांगली शुद्धीवर होती. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "उद्या शुक्रवार हाय. माझं काय झालं तर शब्बाथच्या आत उरका गो. सॉलोमनला उगाच धावडवू नको. सगळं झाल्यावर सांग त्याला, तिकडं निवांत बसून रडू दे." मी हो म्हटलं होतं.

ती रोज विचारते, दाराकडे मान वळवते, असं मी तुला लिहीत होते. ते सगळं मी बनवून लिहिलं. तू गेलास त्या वर्षीच तिने तुला मनातून निरोप दिला होता, सुखाने. तुझी पत्रं मी वाचून दाखवायचे, ती म्हणायची, बरा हाय ना, मग झालं. तुझी वाट मी पाहत होते, सॉलोमन. सत्तावीस वर्षं मीच पाहत होते, आणि त्यासाठी मी आईला दोन दिवस बर्फावर ठेवलं.

मिरियम